पिकअप स्टार्ट करताना आवाज येऊन राहिला? आधी आवाज नेमका कधी येतो ते पाहा, मग सेल्फ खोला

सीझन लागला की दरवर्षी हाच प्रश्न असतो. दसरा-दिवाळीपासून कापूस निघतो, सोयाबीन यार्डात न्यायचं असतं, इकडे वरूड-मोर्शीकडे आंबिया बहाराचा संत्रा तोडणीला येतो, आणि नेमकं तेव्हाच पहाटे चावी फिरवली की पिकअप खर्रर्र करते नाहीतर नुसतंच टक करून गप बसते. माल भरून उभा, मजूर बसून, मग घाईघाईत जो मिस्त्री सापडेल त्याच्याकडे न्यायची, तो म्हणतो सेल्फ (स्टार्टर मोटर) गेला, सेल्फ बदलायचा, आठ-पंधरा दिवस गाडी बरी चालते आणि पुन्हा तोच आवाज. मग म्हणे बॅटरी गेली. बॅटरी बदलली तरी आवाज आहेच. आमच्या पट्ट्यात कितीतरी भावांचे पैसे असेच गेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं एकच आहे. आवाज कसा येतो यापेक्षा कधी येतो हे आधी पकडा. चावी फिरवल्याबरोबर येतो, इंजिन फिरत असताना येतो, इंजिन लागल्यावर थोडा वेळ येऊन जातो, की लागल्यावर तसाच राहतो. या चार वेळा वेगळ्या आणि त्यांची कारणंही वेगळी. मिस्त्रीकडे जाऊन "गाडी आवाज करते" एवढंच सांगितलं तर तो अंदाजानेच खोलणार, त्याचाही दोष नाही, कारण दुपारी गरम गाडी त्याच्यासमोर उभी केली की आवाज येतच नाही. म्हणून पहाटे थंड गाडीचा मोबाईलवर व्हिडिओ करून ठेवा, एकदा बोनट उघडून समोरून आणि एकदा केबिनमध्ये मीटरचे दिवे दिसतील असा. दोन्ही करा.

काहीही तपासायच्या आधी गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकाला दगड. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा, बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह काढायचा आणि लावताना निगेटिव्ह शेवटी.

चावी फिरवली की टक

इथं दोन आवाज आहेत आणि लोक दोन्ही एकच समजतात. भराभर टकटकटकटक असा आवाज येत असेल तर बहुतेक करंट कमी पडून राहिला. सेल्फवरचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा चुंबकाचा स्विच) ओढला जातो, मोटर करंट खेचते, व्होल्टेज धपकन पडतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढला जातो, असं चालतं ते. हेडलाईट लावून सेल्फ मारा, लाईट एकदम मंद होऊन विझायला लागला तर बॅटरी नाहीतर तिचे टर्मिनल. मल्टीमीटर घेऊन ठेवाच, दोन-तीनशे रुपयांत साधा येतो आणि शेतातल्या मोटरीलाही कामात पडतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली किंवा चार्जिंग नाही. गाडी चालू झाल्यावर तिथंच १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर डायनामो किंवा त्याचा बेल्ट पाहा, उगाच नवीन बॅटरी घेऊ नका, ती पण बसेल.

आपल्याकडे एक गोष्ट खास आहे. बॅटरीला मारतं आपलं ऊन, पण ती मरते हिवाळ्यात. एप्रिल-मे मध्ये ४५ अंशात गाडी उभी राहते, बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, तरी गरमीत इंजिन हलकं फिरत असल्यामुळे काही कळत नाही. डिसेंबरमध्ये पारा १० च्या खाली गेला, ऑईल घट्ट झालं, इंजिन फिरवायला जास्त जोर लागला की तेव्हा ती उघडी पडते. म्हणून झाकणवाली बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला एकदा तरी डिस्टिल्ड वॉटर पाहा. बोअरचं पाणी टाकू नका, आपल्याकडच्या पाण्यात क्षार किती ते नळावर जमलेला पांढरा थर पाहूनच कळतं.

आता दुसरा आवाज. एकच टक, पण दमदार, आणि पुढे काही नाही. लाईट मस्त जोरात, हॉर्न जोरात. इथंच सगळे सेल्फ खोलतात. सेल्फ असूही शकतो, सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे काँटॅक्ट जळतात, कार्बन झिजतात, हे खरं आहे, आणि ते काँटॅक्ट किंवा कार्बन ऑटो इलेक्ट्रिकवाला वेगळे बदलून देतो, पूर्ण सेल्फ घ्यायची गरज दरवेळी नसते. पण त्याच्या आधी अर्थिंग पाहा, म्हणजे इंजिन-चेसिसपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा करंटाचा परतीचा रस्ता. मी हे जोर देऊन सांगतो कारण वारंवार येणारा टक बहुतेक वेळा इथंच सापडतो.

आमच्या गावातल्या एका भावाच्या पिकअपचं सांगतो. नवीन सेल्फ टाकला, थोडे दिवस झाले की पुन्हा टक. चौकात भेटला तेव्हा विचारलं, "काहून रे भाऊ, सेल्फ नवीन टाकला ना तू?" तर म्हणे, "टाकला ना गा, आठ दिवस फर्स्टक्लास चालली, आता मले तर वाटते सेल्फच डुप्लिकेट देला त्यानं." गाडीखाली जाऊन पाहिलं तर इंजिनपासून चेसिसवर येणारी अर्थिंगची पट्टी, ती विणलेली चपटी तार असते ना, ती वरून नुसती काळी-हिरवी दिसत होती, चिखलाचा थर होता, बोल्ट हाताने हलत नव्हता म्हणजे घट्टच वाटत होता, पण पाना लावून काढला तर खाली चेसिसवर पूर्ण गंज, आणि पट्टीच्या तारा बोल्टापाशी अर्ध्याहून जास्त तुटलेल्या. या गाडीत पावसाळाभर खताची पोती वाहिलेली. पोतं फुटतं, खत मागच्या फाळक्यातून खाली सांडतं, ओलावा धरतं आणि लोखंड-तांबं दोन्ही खातं. युरिया, पोटॅश वाहणाऱ्या गाड्यांची ही पट्टी हमखास खराब होते. मग नवीन सेल्फ आठ दिवस तरी कसा चालला? कारण नवीन सेल्फ दमलेल्या सेल्फपेक्षा कमी करंटात फिरतो, आणि बसवताना टर्मिनल काढून-लावून साफ होतात. थोडे दिवस भागतं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

तपासायचं कसं तर जंपरची जाड वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला, रंग नसलेल्या जागी, आणि सेल्फ मारा. गाडी झटक्यात फिरली की चोर सापडला. मल्टीमीटर असेल तर आणखी पक्कं, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच), दुसरी इंजिनच्या लोखंडावर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला लावा. ०.२-०.३ व्होल्ट दाखवलं तर ठीक, ०.५ च्या वर गेलं तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट हेही मोजा, मोजताना पाना किंवा पिन त्या बोल्टावरून बॉडीला टेकू देऊ नका. मीटर नसेल तर चार-पाच सेकंद सेल्फ मारून लगेच केबलची टोकं हात लावून पाहा, जे टोक गरम लागतं तिथं अडथळा आहे. पट्टी नवीन टाका, खालची जागा सॅंडपेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, बोल्ट कसा आणि वरून ग्रीस नाहीतर व्हॅसलीन लावा. खर्च सेल्फच्या मानानं काहीच नाही.

इंजिन फिरवताना खर्रर्र

सेल्फ मोटर फिरते, तिचा छोटा पिनियन पुढे सरकून फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये अडकतो आणि इंजिन फिरवतो. नुसतं व्हींऽऽ करून मोटर मोकळी फिरत असेल आणि इंजिन हलतच नसेल तर बेंडिक्स (पिनियन पुढे सरकवून फिरवणारा भाग) गेला, सरळ आहे. पण जात्यात खडा सापडावा तसा खर्रर्र आवाज येत असेल तर पिनियन आणि रिंगचे दात एकमेकांवर घासून राहिले. पहिल्यांदा सेल्फचे बोल्ट पाहा, ते ढिले असले तरी हाच आवाज येतो, आणि आपल्या पांधण रस्त्यांवर बोल्ट ढिला व्हायला वेळ लागत नाही.

बोल्ट घट्ट असूनही आवाज कधी येतो कधी येत नाही असं असेल तर मग रिंग. चार सिलेंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे बहुतेक दोनच जागी येऊन थांबतं, समोरासमोरच्या. त्यामुळे दरवेळी पिनियन रिंगच्या त्याच दातांवर आदळतो आणि तेच दात खाल्ले जातात, बाकीची रिंग नवीसारखी असते. म्हणून गाडी कधी गपकन लागते आणि कधी खर्रर्र करते, आणि मालक म्हणतो की हिचा मूडच कळत नाही. खात्री करायची असेल तर ज्या दिवशी आवाज आला त्याच वेळी चावी बंद करून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका, चाकाचा दगड काढून, हँडब्रेक सोडून दोघांनी मिळून जराशी ढकला, म्हणजे इंजिन थोडं फिरून दुसरी जागा घेईल, मग न्यूट्रल करून, हँडब्रेक ओढून सेल्फ मारा. साफ लागली तर रिंगचेच दात. इथं नवीन सेल्फ टाकला तर खाल्लेले दात नवीन पिनियनलाही खाणार, आणि हेच वारंवार होत राहतं. रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी लागते, पण उतरवलाच आहे तर क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑईल सील त्याच वेळी पाहून घ्या. जुने मिस्त्री रिंग गरम करून काढतात आणि पाव फेरा फिरवून पुन्हा बसवतात, चांगले दात जागेवर येतात. पैशाची अडचण असेल तर चालतं, पण पिनियन नवीन पाहिजेच. माझ्या मते नवी रिंगच बरी.

गाडी लागल्यावरही सेल्फ सुटत नसेल, व्हींऽऽ आवाज तसाच चालू, तर लगेच चावी बंद. चावी बंद करूनही फिरत असेल तर सोलेनॉइड चिकटला, बॅटरीचा निगेटिव्ह उतरवा, ताबडतोब. म्हणून टर्मिनलचा पाना सीटखाली कायम ठेवायचा. वायर जळून गाडी पेटू शकते यात. आणि एकावेळी १० सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. लोक चावी धरूनच बसतात आणि चांगला सेल्फ जाळतात.

पावसाळ्यातली एक गोष्ट इथंच सांगतो, कारण ती चुकली तर इंजिन जातं. रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली, मध्येच बंद पडली, बाहेर ओढून सेल्फ मारला तर एकच जड ठक आणि इंजिन जाम. पुन्हा मारू नका. सिलेंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं आणि पाणी दबत नाही, जोर केला की कनेक्टिंग रॉड वाकतो. धक्का मारून चालू करायचा तर विचारच करू नका. एअर फिल्टर उघडून पाहा, ओला असेल तर गाडी टोचन करून न्या, नोझल (डिझेल फवारणारा) किंवा हीटर प्लग (थंडीत सिलेंडर आतून गरम करणारा) काढून पाणी बाहेर काढल्यावरच इंजिन फिरवायचं.

लागल्यावर थोडा वेळ येऊन जाणारे आवाज

चींऽऽ असा कर्कश आवाज पहिल्या मिनिटात येऊन जात असेल तर बेल्ट. सेल्फनं बॅटरी खाल्लेली असते, डायनामोवर लोड येतो, बेल्ट घसरतो. बेल्टच्या आतल्या बाजूवर बाटलीनं लांबून थोडं पाणी मारा, ओढणी-दुपट्टा-गमछा सगळं लांब ठेवून. आवाज लगेच वाढला तर बेल्ट ढिला किंवा घोटलेला, काही सेकंद बंद होऊन परत आला तर पुली वाकडी-तिकडी. जिनिंगवर रोज जाणाऱ्या गाड्यांनी डायनामो आणि एअर फिल्टरही उघडून पाहावं, सरकीचा भुसा आणि कापसाचे पुंजके भल्ले अडकतात. त्या पुंजक्यांत उंदीर घर करतात आणि वायरी कुरतडतात हे वेगळंच.

सकाळी पंखा मोठ्यानं घूंऽऽ करतो आणि एक-दोन मिनिटांत शांत होतो, तो व्हिस्कस फॅन असलेल्या गाड्यांमध्ये नॉर्मल आहे. त्यासाठी खर्च करू नका.

थंडीत पांढरा धूर, तटतट कडक आवाज आणि इंजिन थरथर, मग गरम झाल्यावर सगळं ठीक, हे असेल तर हीटर प्लग. मीटरवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा येतो, तो विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारायचा, निम्मे ड्रायव्हर थांबतच नाहीत. थांबूनही तसंच असेल तर प्लग तपासून घ्या. त्याच बरोबर डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडा, लाईन एअर घेते का पाहा. एक धोक्याची गोष्ट सांगतो, जुन्या पंपाच्या गाड्यांत मिस्त्री गाडी चालू ठेवून एकेका नोझलचा नट ढिला करायचे आणि कोणतं सिलेंडर आवाज करतं ते ओळखायचे. कॉमन रेल गाडीत (जिथं सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल जातं) हे अजिबात करायचं नाही. तिथं प्रेशर हजार बारच्या वर जातं, डिझेलची बारीक धार चामडी फोडून आत जाते, हात कापायची वेळ येते. कोणी करत असेल तर त्याला थांबवा.

फटफट असा आवाज थंड असताना, आणि गरम झाल्यावर बंद, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅसकेट पाहा, लोखंड फुगलं की फट बंद होते. जोडापाशी काळी काजळी दिसेल.

टिकटिकटिक वरून, टॅपेट कव्हरकडून, चार-पाच सेकंद आणि मग गप. रात्रभर ऑईल खाली उतरतं, वर पोचायला वेळ लागतो. थोडासा असेल तर घाबरू नका, पण आधी नव्हता आणि आता रोज वाढून राहिला तर डिपस्टिक काढा. ऑईल कमी आहे का, जाडी पुस्तकात लिहिलेल्याप्रमाणेच टाकली का, आणि फिल्टर कोणता टाकला. चांगल्या फिल्टरमध्ये आत रबराची झडप असते, ती ऑईल परत खाली जाऊ देत नाही, स्वस्तातल्या डुप्लिकेट फिल्टरमध्ये ती कडक असते नाहीतर नसतेच. सर्व्हिसिंगनंतर लगेच आवाज सुरू झाला असेल तर पहिला संशय फिल्टरवर घ्या. बीएस-६ च्या डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) गाड्या, म्हणजे २०२० नंतरच्या, गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारत असतील तर उलटंही होतं. ऑईलची लेव्हल वाढते, कारण तो काजळीचा फिल्टर साफ करायला जादा मारलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकला डिझेलचा वास आला आणि ऑईल मॅक्सच्या वर दिसलं तर ऑईल बदला, आणि आठवड्यातून एखादी लांब फेरी हायवेनं एका वेगात होऊ द्या. टायमिंग चेन असलेल्या इंजिनमध्ये समोरून दोन-तीन सेकंद खळखळ येत असेल तर टेन्शनर आणि चेन पाहून घ्या, ती सुटली तर व्हॉल्व्ह-पिस्टन भिडतात.

तसाच राहणारा आवाज

घर्रर्र सतत येत असेल तर क्लच दाबून पाहा. दाबल्यावर आला तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दोन्हीत फरक पडत नसेल तर बेल्टवरच्या वस्तू, डायनामो, वॉटर पंप, टेन्शनर. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानापाशी आणि टोक एकेका बॉडीवर, फिरत्या भागापासून दूर, लगेच कळतं. बेल्ट उतरवून अर्धा मिनिट गाडी चालवून पाहिली की आवाज बेल्टकडचा की इंजिनचा हे पक्कं होतं, फक्त त्या अवस्थेत गाडी जागची हलवू नका, बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या मागेच असतो, ब्रेक दगडासारखा होतो.

आणि खालून, चेंबरकडून (इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्याकडून), जड ठकठक, रेस दिली की वाढते, सोबत ऑईलचा लाल दिवा पेटलेला किंवा उशिरा विझणारा, तर बेअरिंग गेलं असं धरा. माल भरलेला आहे, यार्ड जवळच आहे, एवढं पोचून देऊ, असं म्हणायचं नाही. बेअरिंगवर काम भागलं असतं तिथं क्रँक जाते आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. तिथंच बंद करा, माल दुसऱ्या गाडीत पलटी करा आणि टोचन लावा. चेंबर उघडल्यावर मिस्त्रीला जुने बेअरिंग शेल फेकू देऊ नका, तुमच्यासमोर पुसून पाहायला सांगा. सगळे सारखे घासलेले असतील तर ऑईलचा पंप किंवा ऑईलच वाईट होतं, एकच खराब असेल तर त्या जागेचा ऑईलचा मार्ग तपासल्याशिवाय नवीन शेल बसवू देऊ नका.